तीन फुल्या, चार समाज

मॉरिशसमध्ये मतदान केंद्रात मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते, तिच्यावर दोन-तीन डझन उमेदवारांची नावे आणि पक्षांची चिन्हे असतात. त्यांतल्या तीन नावांपुढे त्याने फुली मारायची असते. एक किंवा दोन फुल्या मारून चालत नाही आणि चार मारल्या तरी चालत नाही. नेमक्या तीन नसतील तर मतपत्रिका बाद होते. मुख्य बेटाचे 20 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून सर्वाधिक मते मिळवणारे तीन उमेदवार राष्ट्रीय सभेत जातात. पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्स बेट हा एकविसावा मतदारसंघ. तिथल्या मतदाराला दोन मते आणि तिथले सदस्यही दोन. असे हे थेट निवडून येणारे 62 जण.

पुण्या-नागपूरच्या महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अख्खे पॅनेल काढणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. मॉरिशसमध्ये हे पॅनेल देशाच्या सत्तेसाठी उभे असते. मजूर पक्षाची किल्ली, एमएसएमचा सूर्य, एमएमएमचे हृदय, पीएमएसडीचा कोंबडा ही चिन्हे तिथे लहान मुलांनाही ओळखता येतात, आणि प्रचारसभेत पुढाऱ्याचे शेवटचे मागणे एकच असते, की तिन्ही फुल्या आम्हालाच द्या. दोन मते एका पक्षाला आणि तिसरे एखाद्या भल्या माणसाला, अशा फोडून दिलेल्या मतदानाला तिथे ‘कूपे-त्रांशे’ म्हणतात. पक्षांना ते अजिबात रुचत नाही. बहुसंख्य मतदार पक्षाचेच ऐकतात, त्यामुळे मतदारसंघात एक आघाडी थोडी जरी पुढे असली, तरी तिचे तिन्ही उमेदवार एकदम निवडून येतात आणि दुसऱ्या बाजूची मते जागच्या जागी जिरतात.

या देशाच्या निवडणुकांकडे माझे लक्ष गेले ते तिथे आपली माणसे आहेत म्हणून. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी 1834 पासून करारावर मजूर नेले जाऊ लागले, त्यांत बिहारच्या भोजपुरी आणि मद्रासच्या तमिळ-तेलुगू मजुरांबरोबर मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून गेलेली कुटुंबेही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. आजोबा-पणजोबांचे पाळण्यातले नाव नोंदवहीत लिहिले गेले आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुटी असते. रत्नागिरी जिल्ह्यात आजोळ असलेल्या माझ्यासारख्याला या बेटाविषयी ओढ वाटावी, यात नवल नाही. पण ओढीने सुरू झालेले वाचन पुढे निवडणुकीच्या नियमांपाशी येऊन थांबले आणि तिथून हललेच नाही, कारण एवढ्या लहान देशाने लोकशाहीच्या एका मोठ्या प्रश्नाला हात घातला आहे आणि तो प्रश्न त्याला अर्ध्यावरच सोडावा लागला आहे.

प्रश्न कसा उभा राहिला, ते निकालांच्या आकड्यांत दिसते. 1982 मध्ये मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीने जिंकल्या. देशाला स्वातंत्र्यापर्यंत नेणारे शिवसागर रामगुलाम त्या निवडणुकीत स्वतःच्या मतदारसंघात हरले. 1995 मध्ये पुन्हा 60 पैकी 60, आणि या वेळी हरणाऱ्यांत जगन्नाथ होते. 10 नोव्हेंबर 2024 रोजी तिसऱ्यांदा तेच घडले: शिवसागर यांचे पुत्र नवीन रामगुलाम यांच्या आघाडीला 60 जागा मिळाल्या आणि अनिरुद्ध यांचे पुत्र, मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःही पडले. पुढाऱ्यांची दूरध्वनीवरची संभाषणे बाहेर फुटत होती, सरकारने मतदानाच्या तोंडावर समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. परंतु त्या रागातही जगन्नाथ यांच्या आघाडीला एक चतुर्थांशाहून अधिक मते पडली होती, आणि त्या मतांच्या बदल्यात मतपेटीतून एकही जागा मिळाली नाही.

देशातल्या दर चार मतदारांपैकी एकाच्या पसंतीला सभागृहात थेट निवडून आलेला एकही माणूस मिळू नये, ही मला या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. उलट दिशेचे उदाहरणही फार जुने नाही. 2019 मध्ये जगन्नाथ यांच्याच आघाडीने जेमतेम 37 टक्के मतांवर 62 पैकी 38 जागा घेतल्या होत्या. शिवाय एवढ्या मोठ्या बहुमतातून स्थैर्य येते असेही नाही. 1982 ची आघाडी वर्षाच्या आत फुटली आणि 1983 मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. 1995 ची जोडी 1997 मध्ये तुटली. समोर विरोधकच उरला नाही, की तो सत्तेच्या पोटातून जन्म घेतो, असे मॉरिशसच्या इतिहासात दोनदा घडले आहे.

अशा निकालानंतरही 2024 च्या सभागृहात विरोधी पक्षनेता होता. तो ज्या वाटेने आत आला, ती वाट ‘बेस्ट लूझर’ या नावाने ओळखली जाते आणि मॉरिशसच्या राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात ती आखून दिलेली आहे. निवडून आलेल्या 62 जणांखेरीज, हरलेल्यांतल्या सर्वांत चांगली मते मिळवणाऱ्यांमधून जास्तीत जास्त आठ जणांना जागा द्यायच्या, आणि त्या देताना कोणत्या समाजाचे प्रतिनिधित्व कमी पडले आहे ते पाहायचे, असा हा नियम. समाज चार मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. या चौथ्याची व्याख्या घटनेने अशी केली आहे, की जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिन्हींपैकी कोणातही मोडत नाही असे दिसते, तो चौथ्यातला. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्यांना विकत घेतले होते ते फ्रेंच घराण्यांचे वंशज, हे दोघेही त्यामुळे एकाच रकान्यात येतात.

आज हे वाचताना मन अस्वस्थ होते, पण ही तरतूद ज्या भीतीतून आली ती भीती खरी होती, आणि तिला कमी लेखून पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. 1948 च्या निवडणुकीपर्यंत मतदान हा मळेवाल्यांचा आणि मालमत्ताधारकांचा हक्क होता. मतदार होते सुमारे 12 हजार. त्या वर्षी मालमत्तेची अट जाऊन साधे लिहिता-वाचता येणे पुरेसे ठरले, तेव्हा ही संख्या 70 हजारांच्या वर गेली. बासदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांत, म्हणजे मजूर संध्याकाळी जमत त्या झोपड्यांत, कंदिलाच्या उजेडात ऊसतोडणी करणाऱ्यांना अक्षरे गिरवायला लावली, ती याच मतदानासाठी. सही करता आली की मत देता येणार, हे त्या मजुराला ठाऊक होते. 1959 मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला, आणि त्याबरोबर बेटावरच्या प्रत्येक लहान गटाला संख्येची चिंता लागली. इंग्रज गेल्यावर हिंदू बहुसंख्येपुढे आपला आवाज उरेल का, असे मुस्लिमांना वाटत होते, चिन्यांना वाटत होते आणि क्रिओल, म्हणजे प्रामुख्याने गुलामांच्या वंशजांच्या, वस्त्यांत तर ते सर्वाधिक वाटत होते. अब्दुल रझाक मोहम्मद यांनी मुस्लिमांसाठी हमी मागितली आणि ती मिळाल्यावरच ते स्वातंत्र्यवादी आघाडीत ठाम राहिले. 1966 मध्ये बॅनवेल आयोग आला, त्याने तीन सदस्यांच्या मतदारसंघांचा नकाशा काढला, आणि वादावादीनंतर आठ अधिकच्या जागांचा तोडगा ठरला.

ऑगस्ट 1967 मध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झालेल्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूने सुमारे 56 टक्के आणि विरोधात सुमारे 44 टक्के मते पडली. एवढ्या लोकांना इंग्रजांनी जाऊ नये असे वाटत होते. जानेवारी 1968 मध्ये, स्वातंत्र्याला काही आठवडे उरले असताना, पोर्ट लुईच्या गल्ल्यांत क्रिओल आणि मुस्लिम तरुण एकमेकांवर धावून गेले आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. 12 मार्च 1968 रोजी झेंडा बदलला तो अशा वातावरणात. त्या वेळी कुणी लहान समाजांना लेखी हमी दिली नसती, तर या देशाची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली असती, असे मला मनापासून वाटते.

आता ही हमी प्रत्यक्षात कशी मोजली जाते ते पाहू, कारण सगळी गुंतागुंत त्या मोजणीत आहे. मोजणीला आधार 1972 च्या जनगणनेचा. त्या वेळी हिंदू सुमारे 4 लाख 28 हजार, सर्वसाधारण लोकसंख्या सुमारे 2 लाख 37 हजार, मुस्लिम सुमारे 1 लाख 37 हजार आणि चिनी वंशाचे सुमारे 24 हजार होते. समजा, एखाद्या निवडणुकीत 36 हिंदू, 16 सर्वसाधारण, 9 मुस्लिम आणि एक चिनी वंशाचा, असे 62 जण निवडून आले. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या जागांत एक मिळवून भागायचे. हिंदूंचे उत्तर साडेअकरा हजारांच्या आसपास येते, चिन्यांचे 12 हजार, मुस्लिमांचे 13 हजार 700 आणि सर्वसाधारण लोकसंख्येचे 13 हजार 900 च्या थोडे वर. सर्वांत मोठे उत्तर ज्याचे, त्याच्यावर सर्वाधिक अन्याय झाला असे धरून पहिली जागा त्या समाजाच्या हरलेल्या उमेदवाराला जाते, अर्थात ज्याने आपल्या मतदारसंघात टक्केवारीने सर्वाधिक मते घेतली असतील त्याला. मग नवे आकडे मांडून पुन्हा भागाकार. दुसरी जागा मुस्लिमांना जाईल. अशा चार जागा पक्ष न पाहता द्यायच्या. त्यामुळे पक्षांचे बलाबल बिघडू नये म्हणून उरलेल्या चार जिंकलेल्या पक्षाच्या हरलेल्या उमेदवारांतून भरायच्या.

जिथे जिंकणाऱ्या पक्षाचा एकही उमेदवार हरलेलाच नसतो, तिथे या शेवटच्या चार जागा भरायला माणूसच मिळत नाही. म्हणून 60 विरुद्ध शून्य अशा निकालांनंतर आठऐवजी चारच जण या वाटेने आत येतात आणि सभागृह 66 जणांचे होते. एक चतुर्थांशाहून अधिक मतदारांची बाजू मांडायला जे थोडे लोक मिळतात, ते त्यांच्या मतांच्या हिशेबातून मिळत नाहीत. ते कुठल्या समाजात जन्मले आणि 1972 मध्ये तो समाज किती मोठा होता, या हिशेबातून मिळतात. समाजांचे संतुलन राखण्यासाठी केलेली योजना विरोधी पक्षाचा तुटका आधार होऊन बसली आहे. तो आधार काढून घेतला तर सभागृहात विरोधकच राहणार नाहीत, ही अडचण पद्धतीचे टीकाकारही नाकारत नाहीत.

1972 ची जनगणना अजून का वापरली जाते, याचे उत्तर 1982 च्या त्या पहिल्या प्रचंड विजयात आहे. आम्ही सगळे एक लोक, एक राष्ट्र, अशी भाषा करत सत्तेवर आलेल्या त्या सरकारने जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला. ती भावना प्रामाणिक होती. परंतु निवडणुकीतली समाजवार मोजणी तशीच ठेवली आणि तिच्यासाठी 1972 चे आकडे कायम केले, ही मात्र मला मोठी चूक वाटते. माणसांना समाज विचारायचा नाही, असे देशाने ठरवले; उमेदवारी अर्ज भरणाऱ्याला मात्र तो लिहावाच लागतो, आणि लिहिला नाही तर अर्ज बाद होतो. 2005 मध्ये ‘रेझिस्तांस एक अल्तेर्नातिव्ह’ या डाव्या संघटनेच्या उमेदवारांनी तो रकाना रिकामा सोडला. त्यांचे अर्ज फेटाळले गेले, प्रकरण न्यायालयांत फिरले, आणि शेवटी 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने सांगितले, की चार दशकांपूर्वीच्या आकड्यांसाठी उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणे हा त्याच्या हक्कांचा भंग आहे. त्यावर 2014 मध्ये केवळ त्या एका निवडणुकीपुरती सूट देणारा कायदा झाला. 2019 मध्ये रकाना रिकामा ठेवणाऱ्यांचे अर्ज पुन्हा बाद झाले. त्याच संघटनेचे अशोक सुब्रोन आज मंत्रिमंडळात आहेत, म्हणून या प्रश्नाकडे मी अधिक आशेने पाहतो.

या रकान्यांत मराठी माणूस कुठे बसतो, हे मी एकदा वाकोआच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षकांना विचारले होते. शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवली. बोलताना बेटावरच्या क्रिओल बोलीचा सूर मध्येच येई, पण शब्द जुने कोकणी घरातले. “घटनेत आम्ही हिंदूच,” ते म्हणाले, “तमिळ, तेलुगू, मराठी, सगळे त्यातच. पण तिकिटे वाटायची वेळ आली, की पक्षाच्या कचेरीत प्रत्येकाचा वेगळा कागद निघतो. अमुक मतदारसंघात मराठी घरे किती, तमुक घराण्याचे वजन किती, सगळे ठाऊक असते त्यांना.” मी विचारले, “मग गुरुजी, तुम्हाला कोणता कागद खरा वाटतो?” त्यांनी थोडा विचार केला. “मला दोन्ही नकोत. पण मंत्रिमंडळात आपला एक तरी असावा, असे घरात सगळ्यांना वाटते, आणि मलाही वाटते. हे खोटे कसे बोलू?”

त्यांच्या या उत्तराने मला बराच काळ विचार करायला लावले. मॉरिशसच्या लोकसंख्येत मराठी मंडळी दोन टक्क्यांच्या आसपास. राज्यघटनेने त्यांना स्वतंत्र ओळख दिलेली नाही आणि बेस्ट लूझरच्या हिशेबात त्यांना काही मिळत नाही. तरीही मंत्रिमंडळ बनवताना तमिळ, तेलुगू आणि मराठी समाजाला स्थान द्यायचे, हा संकेत पक्ष सहसा पाळतात. म्हणजे सगळ्यांना बरोबर घेण्याचे काम परिशिष्टातल्या भागाकारापेक्षा पक्षांच्या व्यवहारातूनच जास्त होते. तीन जागांचा मतदारसंघ असल्यामुळे कोणताही शहाणा पक्ष तिथे एकाच समाजाचे तीन उमेदवार देत नाही; मतदारसंघातल्या वस्तीनुसार तो मिश्र पॅनेल बांधतो, आणि मतदार तिन्ही फुल्या पक्षाकडे पाहून मारत असल्याने त्या पॅनेलमधला लहान समाजाचा माणूसही निवडून येतो. या व्यवहाराला काळी बाजूही आहे. कोणत्या मतदारसंघातून कोण लढू शकतो आणि पंतप्रधान होण्यास कोण पात्र मानला जातो, हे जन्मावरून ठरवण्याची सवय त्यातूनच पक्की होते. 2003 मध्ये पॉल बेरांजे पंतप्रधान झाले, ते आधी ठरलेल्या वाटणीनुसार, अनिरुद्ध जगन्नाथ यांची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर. हिंदू नसलेला दुसरा पंतप्रधान आजवर झालेला नाही.

म्हणून लहान समाजांच्या भीतीचा आदर राखूनही, आज मॉरिशसमध्ये ज्याला वाली नाही ते हरलेल्याचे मत आहे, असे मी म्हणेन. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने 2002 मध्येच हे ओळखले होते. सध्याच्या 62 जागा तशाच ठेवाव्यात आणि त्यांवर 30 जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात द्याव्यात, अशी दिशा त्यांनी सुचवली होती. 2011 मध्ये फ्रेंच घटनातज्ज्ञ गी कार्कासोन यांनीही बदलाचा आराखडा दिला. 2018 मध्ये बेस्ट लूझर काढून प्रमाणशीर जागा आणणारे विधेयक सरकारनेच मांडले, पण घटनादुरुस्तीला लागणारे तीन चतुर्थांश बहुमत नसल्याने ते पुढे गेले नाही. बहुमत नाही, ही अडचण त्या वेळी खरी होती. 66 पैकी 60 जागा जिंकून सत्तेवर आलेल्यांना ती सांगता येणार नाही. मात्र ज्या पद्धतीने आपल्याला 60 जागा दिल्या तीच बदलायची, हे काम कोणत्याही पक्षाला जड जाते, आणि विरोधात असताना सुधारणेचा आग्रह धरणारे सत्तेत आल्यावर आयोग नेमण्यावर थांबतात, असे या देशाने वारंवार पाहिले आहे.

पक्षांच्या याद्यांतून भरायच्या अशा प्रमाणशीर जागा आल्या तर मुस्लिम आणि चिनी उमेदवार मागे ढकलले जातील, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. परंतु यादी पक्ष करणार, आणि त्याच पक्षांनी आजवर तीन जणांच्या पॅनेलमध्ये सगळ्यांना सामावून घेतले आहे. संपूर्ण देशाच्या यादीत ते अधिक सोपे आहे, कारण तिथे कोणत्या वस्तीत कोण चालेल हा प्रश्न उरत नाही. शिवाय ज्या समाजाला आपले प्रतिनिधित्व कमी पडले असे वाटेल, तो पुढच्या वेळी यादी पाहून मत देऊ शकेल. अर्ध्या शतकापूर्वीच्या जनगणनेपुढे त्याला असा कोणताही उपाय नाही.

ही पद्धत मॉरिशसला अनोळखीही नाही. रॉड्रिग्सला स्वायत्तता मिळाली, तेव्हा तिथल्या प्रादेशिक सभेसाठी वेगळा नियम केला गेला: सहा विभागांतून प्रत्येकी दोन सदस्य थेट निवडायचे आणि त्यांखेरीज काही जागा संपूर्ण बेटावर पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरायच्या. मतदार आपल्या विभागातल्या उमेदवारांना मत देतो आणि पक्षाला वेगळे मत देतो. रॉड्रिग्सचे जवळजवळ सगळे रहिवासी चौथ्याच रकान्यातले असल्याने समाजांचा प्रश्न तिथे मुख्य बेटासारखा तीव्र नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही हरलेल्या पक्षाची मते वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी केलेली तरतूद तिथे 2002 च्या पहिल्या निवडणुकीपासून वापरात आहे. हा कायदा आदल्या वर्षी, 2001 मध्ये, पोर्ट लुईच्या त्याच राष्ट्रीय सभेने मंजूर केला होता.